फेट्याचं वजन

आमच्या मामाच्या घरात नारळ कधी विकत आणलेला मी बघितला नव्हता. ओटीला नारळ, कालवणात नारळ, पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत नारळ, आणि सगळे मामानं कुस्तीत जिंकलेले. लोणी गावात त्याचं खरं नाव घेतलं तर लोक विचारायचे, कोण? नारळवाला म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवायचं.

जत्रेत पैलवानाला काट्यावर कोण घालतो? पंच नजरेनं जोड लावायचे, आणि गड्याचं वजन बक्षिसावरून कळायचं. पोराटोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मधल्या अंगाच्या गड्यांच्या नारळावर, आणि शेवटी भारी गडी फेट्यावर. मामा मधला. नारळावर त्याला पाडणारा कुणी नव्हता. पण त्याला फेटा पाहिजे होता. दुसरं काहीच नको होतं.

वजन वाढावं म्हणून तो खायचा, ते तर बघण्यासारखं. तांब्यानं दूध, तुपात बुडवलेली भाकरी, वर गूळ-शेंगदाणे.

"मामा, अंगाला तर काय दिसत नाही," मी म्हणायचो.

"लागतंय रं, पन आत लागतंय."

"म्हशीला तरी इचारा," मामी चुलीपासून म्हणायची. "ती वाळाय लागली."

दर जत्रेला मामा छाती फुगवून पंचांपुढं उभा राहायचा. पंच दंड चाचपायचे आणि म्हणायचे, "नारळवाले, तिकडं."

एका साली जुन्नरचा एक नावाजलेला पैलवान फेट्यासाठी आला. त्याच्याशी हात मिळवायला कुणी तयार होईना. पंचांनी शेवटी मामाकडं बघितलं, तोवर मामानं सदरा काढलाही होता. सलामी झाली, हलगीनं जोर धरला, आणि मामानं कमरेला हात घालून गडी वर उचलला. लोक उठून उभे राहिले. आता आपटायचा. पण मामानं त्याला अलगद पायावर उभा केला, कपाळाला हात लावला आणि पंचांना म्हणाला, "ह्याला हिवताप हाय. पार वाळलाय. ह्यो आज नारळाचा गडी हाय, फेट्याचा न्हाई."

"राव, गपचूप फेटा घ्या की," मागून कुणीतरी म्हणालं.

"नारळाच्या वजनावर फेटा बांधून कुठं मिरवू?"

पंचांनी कुस्ती सोडवली आणि दोघांच्या हातात एकेक नारळ दिला. मामीनं घरी तो एका दणक्यात फोडला.

पुढच्या साली तो जुन्नरचा गडी परत आला, खाऊनपिऊन दरवाजाएवढा झालेला. त्यानं आखाड्याला एक फेरी मारली, मामासमोर थांबला आणि हात पुढं केला. "नारळवाले, या. आता बघा उचलून." पंचांनी फेट्याची जोड लावली. बघणाऱ्यांची तंबाखू मळून व्हायच्या आत मामा चितपट. माती झटकत उठला तो हसतच. मला म्हणाला, "आता हाय फेट्याचा. अंगावर डोंगर आल्यावानी वाटलं."

नारळाच्या कुस्तीला मामा परत उतरला नाही. बोलावलं तर म्हणायचा, "आमी फेट्याच्या वजनातले." फेट्याच्या जोडीला पण कुणी बोलावलं नाही, आणि पुढं साथीत तो गेला, फेटा न बांधताच.

पण तो हरला त्या जत्रेनंतरची गोष्ट. सणाला घरात नारळ नव्हता, म्हणून मामी मारवाडी शेठच्या दुकानात गेली. मी बरोबर होतो.

"वैनी, तुमी नारळ इकत घेताय?" शेठ म्हणाले. "पैलवान आजारी हायत का काय?"

मामीनं नारळ कानाशी धरून हलवला, नको म्हणून ठेवला, दुसरा उचलला. मग अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"न्हाई. फेट्याच्या कुस्तीत पडलेत."