विहिरीत सोडलेला पाइप

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले, तेव्हा रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. शहराच्या कडेला, बीरगांवला आमच्या घराभोवतीचे प्लॉट भराभर विकले जात होते आणि जो तो बोअर मारत होता. अंगणातल्या आमच्या विहिरीचं पाणी होळीपर्यंतच तळाला जाऊ लागलं. मग बाबांनी छतावरून पाइप उतरवला, मध्ये पाणी गाळायला वाळू-गिट्टीची टाकी बांधली आणि पावसाचं पाणी विहिरीत सोडलं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यातही बादली बुडली. शेजारच्या तीन घरच्या बाया आमच्याकडे पाणी भरू लागल्या. त्या वर्षी बाबा फार खुशीत असायचे.

पण जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतले कारखानेही वाढत होते. दोरीवरचे कपडे काळे होत, छतावर काजळी साचे. एका पावसाळ्यात शेजारच्या काकू भरलेली बादली घेऊन परत आल्या.

"भाऊजी, हे पाहा. तुमच्या पाइपातून येऊन राहिलं. आमची पोट्टी अंग खाजवून खाजवून रडून राहिली."

पाण्यावर काळा तवंग होता.

"मले काहून सांगता? धूर मी सोडून राहिलो का?" बाबा चिडून म्हणाले.

काकू पुन्हा आल्या नाहीत. हळूहळू बाकीच्याही यायच्या थांबल्या. बाबा मात्र हट्टाने तेच पाणी पीत आणि पावसाने उघडीप दिली की, साचलेली काजळी विहिरीत जाऊ नये म्हणून, पाइपाचं तोंड बांधून छत धुवायचं म्हणत. त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून दर रविवारी शहरातल्या तात्यापाऱ्यातल्या माझ्या घरून मी जाऊन ते धुवायचो.

श्रावणात आठ दिवस पाऊस नव्हता. त्या रविवारी मी गेलो नाही. कारण काहीच नव्हतं, कंटाळा आला होता.

"आभाळ भरून येऊन राहिलं," बाबा फोनवर म्हणाले.

"एखादा पाऊस गेला विहिरीत तर काय होते, बाबा? तसंही तिथं कोण पाणी भरून राहिलं?"

"हव, ठीक आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुपारी आईचा फोन आला. बाबा झाडू आणि पाण्याची बादली घेऊन एकटेच छतावर गेले होते. काजळी ओली झाली की तेलासारखी निसरडी होते. जिन्याच्या तोंडाशी पाय सरकला आणि ते खालपर्यंत आले. कमरेचं हाड मोडलं.

त्यानंतर ते उठले नाहीत. पावसाचा आवाज आला की खाटेवरून विचारत, "छत धुतलं का रे?" मी दर वेळी हो म्हणायचो. एकदाही धुतलं नव्हतं. थंडीत छातीत कफ भरला आणि ते गेले.

तेराव्यानंतर आई म्हणाली, "तो पाइप कापून टाक."

"विहीर आटेल ना."

"आटू दे. मले पाहवत नाही."

मी पाइप कापला. त्या पावसाळ्यात विहिरीत छतावरचं पाणी गेलं नाही; पुढच्या उन्हाळ्यात ती कोरडी पडली आणि आईला मी तात्यापाऱ्यात घेऊन आलो. त्या रविवाराबद्दल तिने मला कधी विचारलं नाही. बऱ्याच वर्षांनी, ती मेथी निवडत असताना, मीच त्या दिवशी फोनवर काय बोललो ते सांगायला लागलो.

"मले मालूम आहे," ती मान वर न करता म्हणाली. "फोन मीच लावून दिला होता. बाजूलेच उभी होती."