वासुकाकांच्या खोलीतले धीट मासे

“त्या पेटयेर टॉवेल घाल,” वासुकाका म्हणाले.

माझा उजवा हात कोपरापर्यंत त्या पेटीत, म्हणजे माशांच्या टाकीत होता. डाव्या हातात सायफनचा पाइप. खाली बादली भरत होती. माझ्या पाठीमागे काकी घाईघाईने पलंगावरची चादर ओढून काढत होत्या. काकांच्या अंगाखाली ती ओली झाली होती.

“गो, तू वायच भायर जा,” काकी मला म्हणाल्या.

पाइप मध्येच सोडला असता तर खोलीभर खारं पाणी झालं असतं. मी तशीच उभी राहिले. नजर कुठे ठेवायची म्हणून समोर काचेकडे बघितलं, तर काचेत काकांचा चेहरा. त्यांनाही माझा दिसत होता. आणि काचेच्या आत चारही मासे पलंगाकडे तोंड करून उभे होते.

“ते माका बघतत,” काका म्हणाले. बोलणं जड झालं होतं त्यांचं, पण हे शब्द अगदी स्वच्छ आले.

ते मासे मीच निवडले होते. पुढे येणारे हवेत, बघणारे हवेत, म्हणूनच निवडले होते.

मालवणात माझं ॲक्वेरियमचं दुकान आहे. फिशरीजची डिग्री घेऊन मी हे दुकान काढलं, तेव्हा आमच्याकडे लोक हसले. इथे मासा टोपात असतो, काचेत नाही. गोल्डफिश, बाऊल, शेवाळ साफ करून देणं, यावर धंदा चालायचा. खाऱ्या पाण्याची टाकी क्वचितच कोणी मागायचं. दोन हजार सहाच्या सुमाराला नयनाचा फोन आला. मुंबईत एका इस्पितळात ती नर्स होती. वासुदेव तांडेल हे तिचे वडील. तांडेल म्हणजे मच्छिमार होडीचा कप्तान. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर त्यांचं नाव होतं. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली.

“बाबा कोणाशी बोलत नाहीत,” नयना म्हणाली. “होडीवरची माणसं भेटायला आली की डोळे मिटून घेतात. झोपल्याचं सोंग करतात. दिवसभर आढ्याकडे बघत पडून असतात. त्यांच्यासमोर समुद्रातलं काहीतरी हवं मला.”

“रीफ टँक करू या,” मी म्हटलं. “समुद्रातल्या खडकाळ जागेची छोटीशी नक्कल. खरे प्रवाळ ठेवायला कायद्याने बंदी आहे, मी सिरॅमिकचे खडक लावीन.”

“चालेल. पण एकही मासा लपून बसणारा नको. बाबांना मान फार वळवता येत नाही. मासे समोर यायला पाहिजेत.”

हे काम मला आवडलं. पलंगाच्या समोरच्या भिंतीला तीन फुटी टाकी लावली. किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ, म्हणून होडीवाल्याला सांगून खोल समुद्रातलं पाणी मागवलं आणि गाळून भरलं. मग टाकी काही आठवडे माशांशिवाय चालवली. याला आम्ही सायकलिंग म्हणतो. माशांची घाण पचवणारे जिवाणू आधी खडकात मुरावे लागतात, नाहीतर मासे आपल्याच घाणीने मरतात. लोडशेडिंगसाठी बॅटरीवरचा एअरपंप ठेवला.

ही सगळी कामं चालू असताना मी काकींशी बोलायचे, नयनाशी फोनवर बोलायचे. काका तिथेच असायचे. फक्त एकदा, रिकाम्या टाकीकडे बघून, ते काकींना म्हणाले, “पोरग्यांका खेळणी आणतत तशी माका आणल्यान.” आणि मान भिंतीकडे केली. मी ऐकलं. वाटलं, मासे आले की होतील खूश.

मासे आणायला मी स्वतः मुंबईला होलसेलवाल्याकडे गेले. धीट मासा निवडायची रीत सोपी आहे. काचेला बोट लावायचं. जो पळतो आणि लगेच परत येऊन बघतो, तो चांगला. मग विक्रेत्याला समोर खाणं टाकायला सांगायचं. परक्या माणसासमोर खाणारा मासा नव्या घरात उपाशी मरत नाही. मात्र धीट आणि गुंड यातला फरक ओळखावा लागतो. निळी डॅमसेल भरपूर धीट असते, पण छोट्या टाकीत ती बाकीच्यांना जगू देत नाही. ती मी टाळली. नारिंगी क्लाऊनफिशची जोडी घेतली. दिवसभर खडकांतून येरझाऱ्या घालणारा एक रॅस घेतला. आणि एक ब्लेनी. ही खडकावर पुढच्या परांवर रेलून बसते आणि डोळे गरागरा फिरवत माणसाकडे बघते.

चौघंही टाकीत छान रुळले. काकी त्यांना सुंगटां, म्हणजे कोळंबी, बारीक चिरून घालायच्या. लोक म्हणतात मासे माणूस ओळखतात. खरं म्हणजे ते खाणं ओळखतात. पलंगाजवळ कोणी हललं की खाणं येतं, एवढं त्यांना कळलं. मग पलंगाजवळ काहीही झालं की ते काचेवर. काकांना पुसून घेताना काचेवर. कपडे बदलताना काचेवर. लघवीचं भांडं देताना काचेवर.

काका सगळ्या गावापुढे डोळे मिटू शकत होते. या चार माशांपुढे कितीदा मिटणार? आणि हे मला त्या दिवशी, पाइप हातात धरून उभी असताना कळलं.

काकींनी टॉवेल टाकला. बादली भरताच मी पाइप बाहेर काढला, ती उचलली आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. नारळाच्या मुळात पाणी ओतणार होते, खारं आहे हेही क्षणभर लक्षात आलं नाही.

तिथूनच नयनाला फोन करून घडलं ते सांगितलं.

“मासे बदलते,” मी म्हटलं. “लाजरे आणते, मागे राहणारे.”

“म्हणजे पुन्हा रिकामा खडक बघायचा त्यांनी?” ती चिडली. “तुम्हाला या विषयातलं कळतं म्हणून तुम्हाला काम दिलं ना?”

“माशांतलं कळतं मला,” मी म्हटलं.

मग ती हळू आवाजात म्हणाली, “मी रोज पेशंटच्या पलंगाभोवती पडदा ओढते हो. रोज. आणि बाबांच्या खोलीत हे लावताना माझ्याही डोक्यात आलं नाही.”

मी आत गेले. चादर बदलून झाली होती. काका भिंतीकडे बघत होते. इतके दिवस त्या खोलीत माझी ये-जा होती आणि मी त्यांना एकही गोष्ट विचारली नव्हती. त्यांच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं, तरी स्टूल ओढून पलंगाशी बसले.

“काका, चुकला माझा. टाकी घेवन जावं?”

काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांचा डावा हात चादरीवर हलला.

“पडदो लाव,” ते म्हणाले. “दोरी माझ्या हातात दी.”

दुसऱ्या दिवशी मी काकींच्या जुन्या लुगड्याचा टाकीपुरता पडदा शिवून घेतला. कड्या, तार, एक छोटी कप्पी. दोरी पलंगाच्या डाव्या कठड्याला आणली. पहिल्या ओढीला पडदा अडकला. मी पुढे झाले तसे काका गुरगुरले, “रव.” मी थांबले. त्यांनी पुन्हा ओढला. उघडला. मासे काचेवर आले. काकांनी थोडा वेळ बघितलं आणि पडदा बंद केला. मग परत उघडला.

पुढे पडदा उघडला की खायला द्यायचं, असं काकींनी ठरवलं. त्यामुळे पडदा हलला की चारही मासे धावत यायला लागले.

एका रविवारी मी पाणी बदलायला गेले, तर खोलीत होडीवरची तीन माणसं बसली होती. काका जागे होते. सगळे अवघडलेले. त्यांना काकांच्या वाकड्या तोंडाकडे बघवत नव्हतं आणि नजर दुसरीकडे न्यायची सोय नव्हती. मी परत फिरणार होते. तेवढ्यात काकांनी दोरी ओढली.

मासे आले. तिघांच्या माना एकदम तिकडे वळल्या.

“आरे, ह्यो बघ कसो बघता!” एक जण ब्लेनीपुढे वाकला. “तांडेलानु, ह्याचा तिखला कसा लागात ओ?”

“एका घासाक पुरचो नाय,” काका म्हणाले.

तिघे हसले. काकाही हसले. हसताना तोंड आणखी वाकडं झालं, पण तेव्हा कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. सगळे ब्लेनीकडे बघत होते.

काका पुन्हा चालले नाहीत. उजवा हात तसाच राहिला. पण रविवारी माणसं यायला लागली, आणि आल्यावर ते डोळे मिटून घेईनासे झाले. नयनाने माझं कौतुक केलं. ते मला नीट घेता आलं नाही. धीट मासे मी ज्या कामासाठी आणले होते, ते त्यांनी केलंच नाही. केलं ते दुसरंच, आणि तेही काकांनी दोरी मागून घेतल्यावर.

आता टाकी मागायला कोणी आलं, की माशांचं बोलण्याआधी मी विचारते: टाकीसमोर कोण असणार आहे, आणि त्यांना तुम्ही विचारलंय का? बहुतेकांनी विचारलेलं नसतं.