प्लॅस्टरनं माखलेली कुत्री

पेणच्या बाहेर एका जुन्या पत्र्याच्या गोदामात चंद्रावती भटकी कुत्री सांभाळते. बाई मिठागरावर वाढलेली. नवरा गेला त्या वर्षी डोलवीच्या रस्त्यावर ट्रकनं पाय मोडलेलं एक कुत्रं तिनं उचलून घरी आणलं, तिथून हा पसारा वाढला. आता लोक पोत्यात पिल्लं भरून आणतात, दाराशी टाकतात आणि पसार होतात. पुण्य आपलं आणि उस्तवार दुसऱ्याची, ही हुशारी आपल्याकडे काही कमी नाही. ‘घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं,’ असं पुटपुटत चंद्रावती पोतं आत घेते.

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती, अशा उन्हाळ्यात जवळच्या जोहे गावाहून काळुरामचा फोन आला. त्याचा गणपतीचा कारखाना आहे. एक कुत्री सारखी मूर्तींच्या फळ्यांमागे शिरत होती. तिच्या धक्क्यानं मूर्ती फुटल्या, तशी कामगारांनी काठ्या हाती घेतल्या.

“गो चंद्रावती, आजच ने हिला. नायतर पोरं जित्ती ठेवायची नाय.”

मदतीला येणाऱ्या मिथुनचा टेम्पो घेऊन ती लगोलग गेली. कुत्री प्लॅस्टरमध्ये लोळून पांढरीफटक झाली होती. पोटाखाली तर प्लॅस्टर वाळून त्याचे जाड पापुद्रे बसले होते. जाळीत सापडल्यावरही ती कारखान्याकडे ओढ घेत होती, दात विचकत होती. घाबरली असेल, असं चंद्रावतीला वाटलं. मादी धरली की आधी तिची आचळं चाचपायची, हा तिचाच नियम. मदतीला येणाऱ्यांना ती तो ओरडून ओरडून शिकवते. त्या दिवशी काठ्यांच्या धास्तीनं तो तिच्याच हातून राहिला. काळुरामनं कारखान्याला कुलूप लावलं आणि भाचीच्या लग्नाला नागोठण्याला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रावतीनं कुत्रीला धुवायला घेतलं. पोटावरचे पापुद्रे भिजून सुटले आणि पाण्याबरोबर दूध ओघळलं. ओल्या हातांनीच चंद्रावती उठली.

“मिथुन, टेम्पो काढ. हिची पिल्लं हायत तिकडं.”

काळुराम निरोप मिळताच मांडवातून उठून आला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. कुलूप उघडलं तेव्हा आत पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं तापलं होतं. सोबत आणलेली कुत्री थेट मागे गेली, जुन्या साच्यांच्या ढिगापाशी. तिथे चार पिल्लं होती. एकच हलत होतं.

काळुराम पुढे होऊन साचे बाजूला सारू लागला. “मला ठावं नव्हतं गो.”

“तुला कसं असंल? मला असायला होवं होतं,” चंद्रावती म्हणाली.

कुत्रीनं जिवंत पिल्लू तोंडात धरून टेम्पोत नेऊन ठेवलं. मग ती बाकीच्यांसाठी परत आली. मिथुन त्यांना बाजूला करायला वाकला, तसा चंद्रावतीनं त्याचा हात धरला. कुत्रीनं एकेक करून सगळी आणली.

पेणपर्यंत चंद्रावती मागे तिच्याजवळ बसली. जिवंत पिल्लाचं तोंड ती पुन्हा पुन्हा आचळाला लावत होती. शेवटी ते चोखू लागलं. कुत्री मात्र चाटून चाटून बाकीच्या तिघांनाही दुधाकडे ढकलत होती.