एका गावाला किती त्रिकोण

बारावीच्या वर्षी लातुरात आम्ही दोनच गोष्टींवर भांडायचो. रविवारच्या टेस्टचा पेपर सोपा होता की अवघड, आणि जपानात तयार होत असलेल्या गेमच्या नव्या मशीनमध्ये ताकद किती असणार. पहिल्या भांडणात मला रस नव्हता. दुसऱ्यात मी कुणाला बोलूच द्यायचो नाही.

कारण खबर आणणारा मी होतो. माझं गाव हदगाव. घरी जाताना नांदेडला एसटी बदलावी लागे, आणि त्या मधल्या वेळात मी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत घुसायचो. एक पान उघडेपर्यंत अख्खा चहा पिऊन होई, पण मी हटत नसे. मशीन अजून बाजारात यायचं होतं, आपल्याकडे ते कधी दिसेल याचा पत्ता नव्हता. तरी त्याचा प्रोसेसर कसला, मेमरी किती, हे सगळं मला तोंडपाठ. बायोलॉजीचा एक धडा असा पाठ झाला नाही. परतीच्या गाडीत अहमदपूर गेलं तरी मी तेच घोळवत असायचो, आणि खोलीवर पोचलो की खांद्यावरची बॅग खाली ठेवायच्या आधी तोंड सुरू.

खोली म्हणजे जिन्याखालची. क्लासच्या गल्लीत तेव्हा घरमालकांनी जिथे कॉट मावेल तिथे खोली काढली होती. रूममेट किल्लारीच्या बाजूचा. भूकंप झाला तेव्हा तो पाचवीत होता. त्या रात्री हट्ट करून वडिलांबरोबर रानात गेला होता, उडदाच्या राशीवर राखणीला, म्हणून ते दोघं राहिले. आई आणि धाकटी बहीण घरात होत्या. हे त्याने एकदाच सांगितलं, डब्यातला भात कालवता कालवता, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. माझ्या ‘काय करून राहिला’ची मात्र रोज नक्कल करायचा.

गल्लीच्या तोंडाला तासावर गेम खेळू देणारं एक दुकान होतं. तिथे माझं भाषण ऐकून पोरं विचारायची, गाड्या किती खऱ्या दिसतील, रक्त कसं उडेल. माझ्या रूममेटने एकदा भलतंच विचारलं.

“त्याच्यात एक गाव बसंल का? चालत फिरता यावं, असं?”

कुठलं गाव, मी विचारलं.

“आमचं. जुनं.”

नवं गाव होतं त्यांना. सरकारने वसवलेलं, रुंद, सरळ रस्त्यांचं. तिथे हरवताच येत नाही, अशी त्याची तक्रार. आणि जुनं आता त्याला आठवेनासं होत चाललं होतं. आपल्या घराकडे वळताना गिरणी आधी लागायची की मारुतीचं देऊळ, यावर तो अडकायचा आणि मग जेवणावरून त्याचं मन उडायचं.

झालं, माझ्या अंगात आलं. मशीन सगळं चित्र त्रिकोणांनी काढतं, आणि सेकंदाला किती त्रिकोण काढणार तो आकडा माझ्याकडे होता. उरलं नुसतं गणित, आणि गणित करायलाच तर घरच्यांनी लातूरला पाठवलं होतं. टेस्टच्या पाठकोऱ्या पेपरांवर आम्ही त्याची गल्ली मांडली. भिंती, माळवदं, पायऱ्या, पार, गिरणीचा पट्टा. दगडांचेसुद्धा त्रिकोण धरले. उत्तर आलं आणि मी कॉटवरून उडीच मारली. गावच काय, अख्खा तालुका बसत होता! तो हसत सुटला. त्याला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस आम्ही हवेत होतो. विहिरी खणल्या, बाभळी लावल्या, आणि तो घरोघर माणसं बसवू लागला. सुरुवात स्वतःच्या घरापासून केली.

मग फिजिक्सच्या सरांनी घात केला. पुढच्या बाकावरच्या कुणावर तरी ते ओरडत होते, की गाढवा, आकडा हातात आला की आधी युनिट बघ. मी आमचं युनिट बघितलं. आमचा आकडा सेकंदाचा होता. पडदा तर सेकंदात कितीतरी वेळा नव्याने रंगवावा लागतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला त्यातला तुकडाच. खोलीवर येऊन भागाकार केला. तालुका गेला, गाव गेलं, त्याची गल्लीही पुरती शिल्लक राहिली नाही.

मला रडू यायचं बाकी होतं. कमी मार्कांचा मला इतका राग कधी आला नव्हता. तो मात्र पेन्सिल घेऊन खाली बसला. दगड जाऊ दे म्हणाला, भिंत सपाट करू आणि वरून दगडांचं चित्र चिकटवू. दुकानातल्या जुन्या गेममध्ये तसंच असतं. मी पुन्हा पेटलो. माळवदं दोन-दोन त्रिकोणांची, बाभळी पुठ्ठ्यासारख्या. आकडा भराभर उतरू लागला, आणि उतरता उतरता अडला. अडला तो माणसांपाशी. नाक, बोटं, पदराच्या चुण्या. एकेक माणूस भिंतीच्या भिंती खात होता. मी म्हटलं, निम्मी ठेवू. कुणाला ठेवायचं ते तू सांग.

त्याने कागद स्वतःकडे ओढला.

“कुणालाच नको,” तो म्हणाला. “दुपारची येळ धर. समदी रानात गेल्यात.”

मी पुन्हा भागाकार केला. गाव बसलं. देवळासकट, गिरणीसकट बसलं आणि वर थोडे त्रिकोण उरले. मी कॉटवर नाचत होतो, नव्या मशीनच्या नावाने ओरडत होतो, आणि तो खाली बसून त्या उरलेल्या त्रिकोणांतून एकेका घराच्या दाराला बाहेरून कडी घालत होता.