अकरा केळी आणि एक पॉलिसी

मी मेलो तर किती रुपये मिळतील, हा हिशोब माझ्या सासऱ्यांनी माझ्यासमोर, माझ्या घरात बसून, माझ्याच पेनाने केला. (पेन जाताना खिशाला लावून नेलं, ते वेगळंच.)

पण त्यांना तरी काय बोलणार? पुण्यात तेव्हा ज्याला त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. मीही हडपसरच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून, लग्नाला वर्ष व्हायच्या आत, अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा कॉलेजच्या बाकावर जाऊन बसलो. फी बँकेच्या शैक्षणिक कर्जातून, घरखर्च वैशालीच्या, म्हणजे बायकोच्या, शाळेतल्या पगारातून आणि कर्जाला जामीन सासरे! दुसऱ्या वर्षाच्या फीच्या वेळी बँकेच्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "विमा कुठाय? शनिवारपर्यंत मंजुरीचा कागद आणा, मग चेक घेऊन जा." फीची शेवटची तारीखही शनिवारच. चुकली की वर्ष गेलं.

मंगळवारी आप्पा (म्हणजे सासरे) त्यांचे मित्र शेंडेकाकांना घेऊन हजर झाले. काका विम्याचे एजंट. फॉर्म पसरून ते मोठ्याने वाचू लागले.

"अपघातात एक हात किंवा एक पाय गेला तर अर्धी रक्कम. दोन गेले तर पूर्ण."

"म्हणजे एकच पाय गेला तर उरलेलं अर्धं कर्ज माझ्या डोक्यावर," आप्पा म्हणाले.

"आप्पा, मी इथेच बसलोय हो!"

"बसा की. दोन्ही पाय आहेत तोवर मांडी घालून बसा."

तेवढ्यात वैशाली चहा घेऊन आली. मला वाटलं, ही तरी माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "काका, डोळ्यांचं काय? दोन्ही गेले तर?"

काकांनी माझी उंची विचारली. पाच फूट नऊ इंच. वजन विचारलं. सत्तेचाळीस. आप्पांकडून घेतलेलं पेन (माझं पेन!) काकांच्या हातात थांबलं.

"उंची-वजनाच्या तक्त्यात बसत नाही हो जावईबापू. दोन किलो कमी पडतंय. फॉर्म अडकणार. आणि डॉक्टरांकडे तर उद्या सकाळीच जायचंय."

नोकरी सोडलेली, वर्ष जाणार, आणि ते कशामुळे, तर अंगावर दोन किलो मांस नाही म्हणून!

"त्यात काय एवढं!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. "माझा धाकटा भाऊ पोलिसात कसा लागला? भरतीच्या दिवशी सकाळी केळी खाऊन! केळ्यासारखं वजन कशात नाही."

बुधवारी सकाळी आम्ही दोघं मंडईत. डॉक्टरांचा दवाखाना तिथून चार पावलांवर. आप्पांनी केळीवालीला बजावलं, "दोन किलो चोख तोल. जावयाचं वजन भरायचंय."

"जावयासाठी हाय का घोड्यासाठी?" तिने विचारलं आणि काट्यावर डझनभर केळी चढवली.

मी तिथेच पायरीवर बसून सुरुवात केली. पाचपर्यंत मजा आली. सातव्याला घाम फुटला. नवव्याला माझा अभ्यासावरचा विश्वास उडाला. अकरा कशीबशी गेली. बारावं हातात धरून मी आप्पांकडे असं काही बघितलं की त्यांनी ते मुकाट्याने घेतलं आणि स्वतः खाल्लं. मग सालींच्या ढिगाकडे बघून त्यांचा चेहरा पडला.

"अरेच्चा! दोन किलो सालींसकट होतं की!"

साली काही मी खाणार नव्हतो. (आप्पांनी विचारून पाहिलं.) मग ती तूट मंडईच्या नळाचं पाणी पिऊन भरून काढली.

दवाखान्यात काटा एकोणपन्नासला टेकला! आप्पांनी दारातून मला डोळा मारला. पण विम्याच्या तपासणीत छाती मोजतात तसं पोटही मोजतात, हे पोलिसातल्या भावाला कुठून ठाऊक असणार? डॉक्टरांनी छातीला टेप लावली, मग पोटाला लावली, आणि पुन्हा लावली. हात सुतळीएवढे आणि पोट रांजणासारखं! त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"किती दिवस सूज आहे पोटाला? झोपा तिथे." आणि त्यांनी पोट दाबलं.

पुढचा ढेकर इतका लांब आणि इतका सुगंधी होता की डॉक्टर दोन पावलं मागे सरकले.

"किती?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"अकरा."

"डझन घेतली असतील ना?"

"एक सासऱ्यांनी खाल्लं."

"बरं झालं. नाहीतर त्यांचाही विमा काढावा लागला असता. उद्या या, उपाशीपोटी."

बुधवारची दुपार आणि संध्याकाळ मी कुठे काढली, ते सांगत नाही. कडी आतून होती, एवढं पुरे. गुरुवारी काटा चव्वेचाळीसवर थांबला! मी रडवेला झालो. "डॉक्टर, माझी फी... माझं वर्ष..."

"अहो, वजन कमी म्हणून विमा कोण नाकारतंय? हप्ता थोडा जादा पडतो, इतकंच. महिन्याला डझनभर केळ्यांइतका!"

मी सोबत आलेल्या शेंडेकाकांकडे वळलो. "मी फॉर्म अडकेल म्हणालो," काका म्हणाले. "सुटणार नाही असं कुठे म्हणालो?"

शनिवारी बँक बंद व्हायला दहा मिनिटं असताना मंजुरीचा कागद देऊन चेक घेतला आणि धावत जाऊन फी भरली. पहिला जादा हप्ता आप्पांनी भरला. मी नको नको म्हणालो तर म्हणाले, "असू दे. केळ्यांची अक्कल माझी होती." मला एकदम भरून आलं. (पेन मात्र दिलं नाही.)

पुढे आयटीत नोकरी लागली, कर्ज फिटलं. परवा नवी पॉलिसी काढायला एक तरुण एजंट घरी आला. मी काट्यावर उभा राहिलो. एक्क्याण्णव!

"सर, वजन जास्त आहे. जादा हप्ता पडेल."

"अहो, चव्वेचाळीसचे एक्क्याण्णव झालात," वैशाली म्हणाली. "म्हणजे मधे एखाद्या दिवशी तरी तुमचं वजन बरोब्बर तक्त्यात असणार. त्या दिवशी होतात कुठे?"

मी आठवून पाहिलं. बहुतेक ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होतो. केळी संपली होती, म्हणून दोन वडापाव घेतले.