अक्कांचे दोन सायकस

“पाणी कोणी घातलं?” घरात पाऊल टाकणाऱ्याला अक्कांचा पहिला प्रश्न हाच. आधी झाडाच्या मातीत बोट खुपसायच्या, मग तुमच्याकडे संशयाने बघायच्या. बसा वगैरे त्यानंतर.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्या आमच्या शेजारी, भावाच्या कुटुंबात राहायच्या. गणिताच्या निवृत्त मास्तरीण, लग्न न केलेल्या. परसात त्यांनी बियांपासून दोन सायकस, बुटक्या ताडासारखी दिसणारी झाडं, वाढवली होती, आता डोंगरातही क्वचितच सापडणाऱ्या जातीचे. हे झाड नर की मादी ते फुलल्याशिवाय कळत नाही, आणि फुलायला ते वर्षानुवर्षं लावतं. अक्कांचे केस पांढरे झाले तेव्हा कळलं, एक नर, एक मादी. बी धरायला दोन्ही एकाच वेळी फुलावी लागतात, पण एक फुललं की दुसरं ढिम्म. “हट्टी आहेत मेले,” म्हणायच्या, आणि पानांवरची धूळ पदराने पुसायच्या.

एका वैशाखात दोन्ही एकदम फुलली. मादीच्या शेंड्यावर मऊ पिवळसर घरटं, नराला अननसासारखं सोनेरी कणीस. पराग सुटायला अजून चार-पाच दिवस होते. बी धरलं तर रोपं कोणाला द्यायची, तेही अक्कांनी ठरवून टाकलं होतं. मला एक मिळणार होतं, उगाच पाणी न घालण्याच्या अटीवर; जास्त पाण्याने ते कुजतं.

त्याच आठवड्यात अक्कांच्या भाच्याचं, भावाच्या मुलाचं लग्न. आमच्याकडे लग्नात सीरवरिसै असते, फळामिठाईची सजवलेली ताटं मिरवत नेतात. अक्कांच्या वहिनींना एक ताट ओकंबोकं वाटलं. त्यांनी कोयत्याने कणीस उतरवलं, कुंकू लावलं आणि अननसाच्या जागी उभं केलं.

अक्कांनी ते मांडवात पाहिलं. नादस्वरम चालू असतानाच ताटातून कणीस उचललं. कच्च्या कणसातून पराग सुटत नाही.

“हे कशाला मारलंत?” एवढंच विचारलं.

सगळे हसले. वहिनी पाहुण्यांना सांगत होत्या, पोरंबाळं नसली की माणसाला असलं वेड लागतं. शिकलीसवरली माणसं, आणि एकालाही लाज वाटली नाही. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि कोणी विचारलंही नाही.

पुढे अक्का गेल्या. तेरावा होतो न होतो तोच भाच्याने नर मुळासकट काढून चेन्नईच्या आपल्या साहेबाला भेट दिला. बंगल्याच्या दारात शोभतो म्हणे. मी तावातावाने भांडलो.

“काका, एक ठेवलंय की,” तो म्हणाला.

यंदा, इतक्या वर्षांनी, मादी फुलली. मी मानापमान गिळून चेन्नईला साहेबांकडे फोन लावला, नराला कणीस आलंय का विचारायला. साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, हो, आलं होतं कणीस, पण फार वास सुटला, म्हणून काल माळ्याने तोडून कचऱ्यात टाकलं.

मी फोन ठेवला. भिंतीपलीकडे मादी अजून फुललेली आहे.