आतड्याचं वय

"शनिवारी पोट उघडू," सर्जन म्हणाले आणि हात धुवायला वळले. बाळ नऊ दिवसांचं होतं.

साठच्या दशकाची सुरुवात. मी शिरूरच्या एका मिशन दवाखान्यात डॉक्टर होते. सर्जन दर आठवड्याला पुण्याहून येत. दौंडच्या एका रेल्वे खलाशाची बायको, सुशीला, आठव्या महिन्यातच बाळंत झाली होती. बाळाला शी होत नव्हती. पोट टम्म फुगलेलं.

आतडं पुढे ढकलतं ते त्याच्या भिंतीतल्या मज्जापेशींच्या हुकमावर. काही बाळांत शेवटच्या भागात त्या नसतातच. मग ऑपरेशनला पर्याय नाही. म्हणून सर्जननी तिथला बारीक तुकडा पुण्याला तपासायला पाठवला होता. रिपोर्ट आला: मज्जापेशी नाहीत.

सोबत स्लाइड होती. मी ती मायक्रोस्कोपखाली ठेवली. मोठ्या, ठसठशीत पेशी नव्हत्या. पण स्नायूंच्या थरांमध्ये बारक्या, गडद पेशींचे पुंजके होते. मज्जापेशीच, पण कच्च्या. जन्मानंतरही त्या वाढत राहतात, आणि हे मूल तर महिनाभर आधी आलेलं. तुकड्यासोबत पाठवलेल्या फॉर्मची नक्कल काढली. वयाचा रकाना कोरा. तपासणाऱ्याने मोठ्या माणसाच्या पेशी शोधल्या होत्या. माझं डोकं फिरलं.

मी सर्जनना गाठलं. "सर, फॉर्मवर वयच नाही."

"आतड्याला कसलं वय, बाई?"

स्लाइड पाहायलाही ते तयार नव्हते. ते त्यांचं काम नाही म्हणे.

"मग भूल देणं माझं काम आहे," मी म्हणाले. "मी देणार नाही."

मूल दगावलं तर जबाबदारी कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी कागदावर लिहून सही केली. तोवर सगळ्यांच्या जबाबदाऱ्या तोंडीच होत्या.

सुशीला दाराशी उभी होती. "बाई, न कापता हुईल का वं बरं?"

खात्री देता येत नव्हती. ते तिला सांगितलं. दिवसातून तीनदा कोमट मिठाच्या पाण्याने आतडं धुतलं, दर तासाला पोट मोजलं. पाचव्या दिवशी बाळाने आपणहून दुपटं भरवलं. सुशीलाने ते धुवायला टाकलंच नाही, आधी सगळ्या वॉर्डाला दाखवलं.

वय लिहून स्लाइड पुन्हा पाठवली. उत्तर आलं: पेशी आहेत, अपरिपक्व.

पुढच्या अशा बाळाच्या वेळी मात्र सर्जन म्हणाले, "थोडं थांबून पाहू," जणू कल्पना त्यांचीच. बाळ वाचत असेल तर श्रेय कुणीही घ्यावं. राग मात्र आपलाच असतो. तो माझा अजून गेलेला नाही.